माणूसपणाच्या नोंदी

दलित आत्मकथन म्हणजे जातीने ज्याला गावाबाहेर ठेवले, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली स्वतःच्या जगण्याची हकीकत. मराठीत हा प्रकार १९७८ साली दया पवारांच्या ‘बलुतं’मुळे सर्वदूर पोचला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याने मराठी गद्याची भाषा, विषय आणि वाचक तिन्ही बदलून टाकले. कथा एकट्याची असली तरी तिच्यात अख्खी वस्ती बोलते, म्हणून बऱ्याच अभ्यासकांनी ‘आत्मचरित्र’ हा शब्द बाजूला ठेवून ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ असे म्हटले. आत्मचरित्र लिहायचे तर आधी नाव कमवायला हवे, असा पूर्वी संकेत होता. पुढारी, नट, संपादक, प्राचार्य यांनी उतारवयात मागे वळून पाहायचे आणि कृतार्थ होऊन लेखणी ठेवायची, ही त्याची रीत. इथे मात्र वाचकाला ठाऊक नसलेली, पंचविशी ते चाळिशीतली माणसे लिहायला बसली. त्यांच्या गाठीला कर्तृत्वाची यादी नव्हती. भूक होती, शिवी होती, शाळेच्या दाराबाहेरची जागा होती, आणि हे सगळे जसे घडले तसे सांगायची हिंमत होती.

ज्याला सकाळ-संध्याकाळ हीन म्हणून वागवले जाते तो स्वतःला माणूस कसा मानत राहतो, हा प्रश्न या सगळ्या पुस्तकांच्या मुळाशी आहे. त्याला मराठीत एक तयार उत्तर आहे: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शाळेच्या फळ्यावर, निरोपसमारंभात, मुलाखतीत हे वाक्य हटकून येते आणि दलित लेखकांच्या बाबतीतही ते सर्रास वापरले जाते. या पुस्तकांना ते लावू नये. इथे घाव घालणाऱ्याच्या मनात कसलीही मूर्ती नव्हती, आणि जे दगड फुटून गेले त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. जे वाढले ते घावांनी वाढले नाहीत. कुणाला बोर्डिंगातल्या दोन वेळच्या जेवणाने वाढवले, कुणाला आईच्या मजुरीने, कुणाला सभेत ऐकलेल्या एका भाषणाने, कुणाला दिव्याखाली वाचलेल्या वर्तमानपत्राने. स्वाभिमान ही जन्मजात आत दडलेली आणि काहीही झाले तरी शाबूत राहणारी ठेव आहे, असेही ही पुस्तके सांगत नाहीत. ती मोडलेली, हरवलेली, पुन्हा जमवलेली गोष्ट आहे, आणि ती जमवायला दर वेळी दुसऱ्या माणसांची साथ लागलेली आहे.

या लेखनाचा मागोवा घेताना पहिला थांबा चौदाव्या शतकातला. चोखामेळा, त्याची पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा या कुटुंबाने अभंगांतून विटाळाचा जाब देवाला विचारला. कर्ममेळ्याचा सूर बापापेक्षा कितीतरी तिखट आहे. चोखोबाची समाधी पंढरपुरात मंदिराच्या पायरीशी आहे. मंदिराचे दार मात्र त्याच्या लोकांना १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. विसाव्या शतकातली दलित चळवळ चोखोबाकडे ममतेने पाहते, पण त्याच्या वाटेने जात नाही. देवाजवळ मागणे आणि समाजाजवळ हक्क सांगणे यांतला फरक तिला नीट कळला होता.

हक्काची भाषा गद्यात आली ती १८५५ साली, एका मुलीच्या हातून. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या किशोरवयीन मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. वेद पाहायचाही अधिकार आम्हाला नसेल तर आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा रोखठोक सवाल आहे. त्याच निबंधात ती उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांविषयी लिहिते: त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते. पुढे जे जे या साहित्यात आले त्याचे बीज इथे आहे, तत्त्वाचा प्रश्न आणि बाळंतिणीचे दुखणे एकाच दमात. शाळेत जायला मिळून फार काळ झाला नव्हता, तोवर तिने हे लिहिले. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही हा निबंध वाचताना मन हलते.

त्यानंतरचा काळ अर्ज-विनंत्यांचा आणि पुस्तिकांचा आहे. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही प्रश्नावली काढून शास्त्रीपंडितांना उत्तरे मागितली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९१० साली महारांना सैन्यात पुन्हा घ्यावे म्हणून सरकारकडे अर्ज केला. अर्जांची भाषा नम्र आहे, पण अर्ज करणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. ज्याने वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणायचे, तो कागदावर सही करून कारणे मागू लागला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही भाषा पुरती पालटली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पत्र निघाले, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो हातांनी उचलले गेले. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, भाकरी मागत फिरणे बंद करा, असे आवाहन झाले. पुढे डिसेंबरात महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. जातीची खूण म्हणून लुगडे आखूड नेसायची सक्ती होती, अंगावर जड कथलाचे दागिने असत. ते टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, असे त्यांनी सांगितले. नेसण्याची पद्धत बदलणे ही वरकरणी लहान गोष्ट वाटते. पण गावात त्याच दिवसापासून ते डोळ्यांत खुपू लागले, आणि कित्येक ठिकाणी त्यावरून मारहाणी झाल्या. बाईने पदर कसा घ्यावा यावर ज्या व्यवस्थेचा तोल राहतो, तिला ती गोष्ट लहान वाटत नव्हती.

बाबासाहेबांनी सलग आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या हातचे आठवणींचे एक छोटे टिपण मात्र आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. इंग्रजीत लिहिलेले हे टिपण त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यातला चाळीसगावचा प्रसंग या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी आहे. १९२९ साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात होते. चाळीसगाव स्टेशनवर महारवाड्यातली मंडळी त्यांना न्यायला आली. वस्ती चालत जाण्याजोगी होती, पण आपल्या साहेबाने पायी चालावे हे त्यांना कमीपणाचे वाटले. टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार नव्हता. शेवटी तडजोड निघाली: टांगा द्यायचा, हाकायचा मात्र त्यांनीच. ज्याने लगाम धरला त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, टांगा घोड्यासकट नदीत गेला आणि त्यांचा पाय मोडला. टांगा हाकणारा गरीब माणूसही बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचढ समजू शकतो, हे तेव्हा कळले, असे ते नोंदवतात. वस्तीतल्या माणसांवर मात्र ते रागावत नाहीत. त्यांनी आपल्या पाहुण्याचा मान राखायचा प्रयत्न केला होता. मान राखायला लागणारी साधी साधनेच त्यांच्या हाती नव्हती. हे दोन पानांचे वर्णन पुढच्या कित्येक ग्रंथांपेक्षा जास्त सांगून जाते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. या दोन महिन्यांत एका समाजाने देवघर बदलले आणि आपला माणूसही गमावला. लिहिणारी पुढची पिढी याच काळात वाढत होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ आणि औरंगाबादेत १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढले होते. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले मिलिंदच्या वसतिगृहात राहून शिकली. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने अनेकांना पहिल्यांदा छापले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षी दलित पँथर ही संघटना उभी राहिली. कवितेने आधी जमीन नांगरून ठेवली, मग आत्मकथन आले. संताप कवितेत मावतो. बापाची मोट, आजीची गोधडी, मास्तरची छडी आणि कचेरीतला जातीचा दाखला यांना मात्र गद्यच लागते.

‘बलुतं’ हे नाव आज नव्या वाचकाला उलगडून सांगावे लागते. गावगाड्यात कामाच्या बदल्यात पिकाचा जो वाटा मिळे ते बलुतं. महारांचे काम ठरलेले नव्हते आणि तीच त्यातली मेख होती: सरकारी टपाल पोचवणे, वेशीवर पहारा, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे, कुणी मेले तर परगावी सांगावा नेणे, जे सांगितले जाईल ते. पाळीपाळीने येसकर किंवा तराळ म्हणून राबायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी गोळा करायची. हक्क आणि भीक यांची सरमिसळ अशी बेमालूम होती की हक्काचे तुकडे मागताना वाकावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ पासून कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध झगडा दिला. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. ही घडी समजली नाही तर या पुस्तकांतली माणसे गाव सोडायला एवढी उतावीळ का आहेत, ते कळत नाही. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ मधला बाप येसकरकीच्या पाळीत फौजदाराचा हुकूम पाळायला नकार देतो, मार खातो आणि बायकोसह मुंबईची वाट धरतो. त्याने तेव्हा काही सिद्धांत मांडलेला नाही. हे काम माझे नाही, एवढेच तो म्हणतो.

दया पवारांनी पुस्तकाची मांडणीच अर्थपूर्ण केली. सभ्य वस्तीत राहणारा, नोकरदार ‘दया पवार’ ऐकतो आणि महारवाड्यातला दगडू मारुती पवार सांगतो. दोघे एकच आहेत आणि दोघांत अंतर आहे. दगडू, कचरू, धोंडू अशी नावे घेऊन आलेल्या पिढीला शाळेने, नोकरीने, चळवळीने दुसरे नाव दिले. पण दगडूला मागे टाकून दया होता येत नाही. पुस्तकात मुंबईतल्या कावाखान्याचे वर्णन आहे, तिथल्या खोल्यांतली दाटी, बायकांची वणवण, दारू आणि भांडणे आहेत. लेखक कुणालाही झाकत नाही, स्वतःला तर नाहीच. वाढ म्हणजे वर चढत जाणारा जिना, असे या पुस्तकात कुठेही दिसत नाही. शिकलेला माणूस गावात परका आणि शहरात संशयित होतो. त्याची कोंडी शेवटच्या पानापर्यंत सुटत नाही.

पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आणि माधव कोंडविलकरांचे रोजनिशीच्या रूपातले ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ ही पुस्तके १९७९ साली आली. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ चे. तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, एवढे त्या शीर्षकात आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (१९८४) प्रश्न आणखी अवघड केला. आई महार, बाप पाटील, लग्न नाही. शाळेत नाव घालताना बापाचे नाव काय लावायचे, या साध्या रकान्यापाशी मूल अडते. कागदावरचा तो रिकामा रकाना त्याच्या साऱ्या आयुष्यावर पसरतो. जातीने पायरी तरी दिलेली असते. या मुलाला पायरीवरही जागा नाही.

भटक्या आणि विमुक्तांची आत्मकथने हा याच प्रवाहाचा वेगळा फाटा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यातल्या कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ते नोंदवणे, हजेरी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती १९५२ पर्यंत चालू होत्या. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) कैकाड्यांचे बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव फिरते, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) पोलिसाच्या सावलीत वाढलेले बालपण सांगते. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ ही याच वाटेवरची. इथे अन्यायाची जात थोडी निराळी आहे. अस्पृश्याला गावाच्या कडेला का होईना जागा होती. भटक्याला मुक्कामाची रात्रही पोलीस पाटलाला विचारून काढावी लागे. म्हणून या पुस्तकांत शाळा हा अधिकच दुर्मीळ चमत्कार आहे. बिऱ्हाड हलले की वर्ग सुटतो. काळ्यांनी आईचे नाव स्वतःच्या नावात लावले आणि डॉक्टर होऊनही लावत राहिले. ज्या तमाशातल्या बाईला समाज नाव ठेवत होता तिचे नाव पदवीशेजारी आले.

स्त्रियांच्या आत्मकथनांपाशी जरा थांबायला हवे, कारण अन्यायाची आणि वाढीची सर्वांत प्रामाणिक नोंद तिथे आहे. बेबीताई कांबळे फलटणला किराणा मालाचे छोटे दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्राची रद्दी त्या वाचत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेले नवऱ्यापासून, घरातल्यांपासून लपवून ठेवत. अशी वीसेक वर्षे गेली. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाचा पत्ता लागला आणि ते ‘स्त्री’ मासिकातून, मग १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात आले. हे पुस्तक गावाने महारवाड्याला कसे वागवले तेवढेच सांगून थांबत नाही. महारवाड्यातल्या सासवांनी कोवळ्या सुनांना कसे वागवले, नवऱ्यांनी संशयावरून बायकांची नाके कशी कापली, तेही सांगते. ज्याच्यावर अन्याय होतो तो दुसऱ्यावर अन्याय करत नाही, अशी सोयीची समजूत बेबीताई मोडून काढतात. आणि तरीही पुस्तकभर ‘आम्ही’ आहे, ‘मी’ क्वचित. रद्दीच्या तुकड्यावर वाचायला शिकलेल्या मनाने एवढी निर्भय नजर कमवली, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ नोकरी करणाऱ्या शिक्षिकेचे आहे. त्यावरची ‘नाजुका’ ही मालिका दूरदर्शनने दाखवली. मुक्ता सर्वगौड यांचे ‘मिटलेली कवाडे’ १९८३ चे. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) संस्कृत शिकलेल्या महार मुलीची कथा आहे. पदव्युत्तर परीक्षा उत्तम गुणांनी पास होऊनही कुमुद सोमकुवर या नावाला नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय लग्न होऊन ‘पावडे’ हे आडनाव लागले, आणि मग मिळाली. बुद्धी तीच, पदवी तीच. हा विजय त्या विजय म्हणून साजरा करत नाहीत. तो आडनावाचा होता, हे त्यांना टोचत राहते, आणि त्या ते लिहून ठेवतात. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली आले. कोकणातल्या फणसवळ्यात त्यांची आई बांबूच्या सुपल्या, टोपल्या विणायची. आयदान म्हणजे ती बांबूची भांडी. नवरा गेल्यावर पडवीत बसून ती चिरलेल्या पट्ट्या एकीत एक अडकवत राहिली आणि मुलांच्या शाळेचा खर्च त्यातून निघाला. आपल्या लिखाणाची वीण आईच्या विणकामाशी जुळलेली आहे, असे लेखिका मानते. पण आई हसत नव्हती, सोशीकतेची मूर्ती नव्हती, कधी कधी कडू बोलायची, हेही ती लपवत नाही. मीनाक्षी मून यांच्याबरोबर उर्मिला पवारांनी आधीच ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे पुस्तक केले होते. आंबेडकरी चळवळीतल्या, बहुतेक निरक्षर, म्हाताऱ्या होत आलेल्या बायकांना शोधून, त्यांच्या दारी जाऊन घेतलेल्या मुलाखती त्यात आहेत. ते काम आणखी दहा वर्षांनी केले असते तर कितीतरी आवाज मिळालेच नसते.

या साहित्यावर वाद खूप झाले आणि ते व्हायला हवे होते. पहिला वाद कलेचा. याला साहित्य म्हणायचे की समाजशास्त्राची सामग्री, असा प्रश्न प्रस्थापित समीक्षेने विचारला. लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) लिहून आस्वादाच्या जुन्या कसोट्याच तपासायला घेतल्या. आनंद देणारे ते सुंदर, ही व्याख्या वाचणाऱ्याच्या पोटात अन्न आहे असे गृहीत धरते, हा त्यांचा रोख बिनतोड आहे. दुसरा वाद घरातला होता. आईबहिणींची अब्रू वेशीला का टांगली, असे वस्तीतल्याच लोकांनी लेखकांना विचारले. हा प्रश्न हलका नाही. मुलगा आईची कहाणी छापतो तेव्हा आईची परवानगी कुणी घेतली, याचे उत्तर बऱ्याच पुस्तकांत नाही. तिसरा वाद विचारांचा: दुःखाचे वर्णन पुरे, बंड कुठे आहे, असे यशवंत मनोहर यांच्यासारख्या आंबेडकरवादी समीक्षकांनी सुनावले. बागुलांसारख्यांना त्यात वर्गाचाही हिशेब हवा होता. गोपाळ गुरू यांनी अपमान ही एकट्याच्या मनातली जखम नसून सत्तेच्या नात्यातून तयार होणारी गोष्ट आहे, असे मांडले आणि दलित स्त्रीचे म्हणणे दलित पुरुषाच्या किंवा सवर्ण स्त्रीच्या तोंडून ऐकता येणार नाही, याचीही १९९५ साली जाणीव करून दिली. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या ग्रंथात स्त्रियांची आत्मकथने साक्ष म्हणून वाचावीत असे सुचवले. साक्ष देणारी एकटीसाठी बोलत नाही, आणि ऐकणाऱ्यावरही काही जबाबदारी येते.

मराठीतली ही पुस्तके इतर भाषांच्या दलित लेखकांनी वाचली. तमिळमध्ये बामा यांचे ‘करुक्कू’ (१९९२), हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ (१९९७) आणि तुलसीराम यांचे ‘मुर्दहिया’ (२०१०), कन्नडमध्ये सिद्धलिंगय्या यांचे ‘ऊरु केरी’ ही ठळक नावे. अमेरिकेतल्या गुलामांच्या आत्मकथनांशी, विशेषतः फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या पुस्तकाशी, तुलना नेहमी होते आणि ती उसनी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती; दलित पँथरने नाव घेतले तेही तिथल्या ब्लॅक पँथरवरून. डग्लस यांना अक्षर शिकायला बंदी होती आणि मुक्ता साळवेच्या आजीलाही. दोन्हीकडे पहिला चोरून मिळवलेला हक्क वाचनाचा आहे.

आज हे सगळे पुन्हा वाचायचे कारण जुने दुःख उगाळणे नाही. संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे आश्वासन आहे, सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, २०१३ साली हाताने मैला साफ करण्याला कायद्याने बंदी झाली. तरी गटारात गुदमरून माणसे मरतात, आणि तुरुंगात झाडूकाम कुणी करायचे व स्वयंपाक कुणी हे जातीवरून ठरवणारे नियम राज्यांच्या नियमपुस्तिकांत टिकून होते. ते सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्दबातल ठरवले. विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदींवरही त्याच निकालात बोट ठेवले आहे. म्हणजे १८७१ ची हजेरी अजून पुरती पुसलेली नव्हती. उच्च शिक्षणसंस्थांत पोचलेल्या मुलांना आडनाव विचारले जाते ते निराळ्या शब्दांत, प्रवेश परीक्षेतले गुण विचारून. ‘बलुतं’मधल्या दगडूला ही मुले लगेच ओळखतील.

आणखी एक कारण आहे. या आयुष्यांना यशोगाथा करून टाकण्याची सवय वाढली आहे. झोपडीतून कलेक्टर कचेरीपर्यंत, अशा मथळ्याखाली कहाणी बसवली की तिच्यातला अन्याय पार्श्वभूमीचा पडदा होतो आणि चिकाटी तेवढी उरते. मग ज्याला जमले नाही त्याची चिकाटी कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. मूळ पुस्तके अशी लबाडी करत नाहीत. वर्गातून गळालेला भाऊ, खाणावळीत राबणारी बहीण, दारूने संपलेला मित्र हे त्यांच्यात जागोजाग आहेत, आणि लेखक स्वतःच्या पदवीपेक्षा त्यांच्यावर जास्त पाने खर्च करतात.

प्रस्तुत संग्रह या दीडशे वर्षांच्या लेखनातून निवडक उतारे एकत्र आणतो. निवड करताना अत्याचाराची तीव्रता हा निकष धरलेला नाही. माणूस अपमानाला सामोरा जाताना नेमके काय करतो, तो क्षण जिथे जवळून दिसतो, ते उतारे घेतले आहेत: नकार देणारे, पळून जाणारे, नाव बदलणारे, खोटे बोलून वेळ मारून नेणारे, गप्प बसून मग तीस वर्षांनी लिहिणारे. जात चोरून राहिलेल्यांचेही उतारे आहेत. त्यांना भ्याड ठरवणे सोपे आहे. भाड्याची खोली मिळवण्यासाठी आपल्या बापाचे नाव गिळावे लागणे काय असते, ते त्यांनीच लिहिले आहे. पुरुष आणि स्त्रिया, महार, मांग, चांभार, कैकाडी, उचल्या, बेरड, कोल्हाटी अशा वेगवेगळ्या समाजांतले अनुभव शेजारी शेजारी ठेवले आहेत, म्हणजे ‘दलित’ या एका शब्दाखाली किती तऱ्हेची आयुष्ये आहेत ते दिसेल. त्यांच्यातल्या परस्परांविषयीच्या अढ्याही काढून टाकलेल्या नाहीत.

भाषेला हात लावलेला नाही. शांताबाईंनी ‘माझ्या जन्माची’ असे न लिहिता ‘माज्या जल्माची’ लिहिले ते शुद्धलेखन येत नव्हते म्हणून नव्हे. त्या शिक्षिका होत्या. सांगोल्याकडची, फलटणची, रत्नागिरीची, लातूरची, नागपूरची बोली जशी छापली गेली तशीच ठेवली आहे आणि शेवटी शब्दार्थ जोडले आहेत. येसकर, तराळ, वेठ, हाडकी, पाळ, बिऱ्हाड असे शब्द त्यात आहेत. संपादन चालू असताना हे शब्द ज्यांच्या घरात बोलले जात होते त्यांच्याच नातवंडांना वाचायला दिले, तेव्हा निम्म्याहून अधिक शब्दांचा अर्थ त्यांना विचारावा लागला. शब्दार्थांची यादी त्यांच्या प्रश्नांवरून तयार झाली आहे.